कॅमेरा चालू असेपर्यंत

बोलपट आले आणि स्टुडिओत बोलायची चोरी झाली. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की त्याला हसू यायचं. पाकोळीला मात्र त्यात हसण्यासारखं कधीच काही दिसलं नाही, कारण तिचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीनं उलटंपालटं केलं होतं.

त्याआधीचे दिवस नुसत्या गोंगाटाचे होते. मूकपट मुका असे तो पडद्यावर. तयार होताना त्याच्याइतकी गडबड भर बाजारातसुद्धा नसे. एका कोपऱ्यात सुतारांची ठोकाठोक चाललेली, पलीकडे दुसऱ्याच सिनेमातली मारामारी, नटीला रडू यावं म्हणून स्टुलावर बसवलेला एक व्हायोलिनवाला, आणि या सगळ्यात कॅमेऱ्याला खेटून उभे असलेले, सारखे बोलत असलेले मास्तर.

मास्तर म्हणजे दिग्दर्शक. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, ते नाव सिनेमातही चिकटलं. पाकोळी त्यांनीच शोधून काढली. हातमोज्यांच्या कारखान्यासमोर ते रस्त्यात माणूस कोसळून पडतो असा प्रसंग घेत होते. पाळी सुटली आणि मुलींचा लोंढा बाहेर आला. सगळ्या जणी हरखून कॅमेऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. एक सडपातळ पोरगी तेवढी पडलेल्या माणसाकडे धावली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तो नट आहे हे कळल्यावर तिचा चेहरा असा काही झाला, की मास्तरांनी कॅमेरावाल्याला हात थांबवू दिला नाही.

वर्षाच्या आत ती पोस्टरवर होती. तिच्या हलक्या पावलांमुळे लोकांनीच तिला पाकोळी म्हणायला सुरुवात केली. तिच्यासारखे केस कापून घेण्याची मुलींमध्ये टूम निघाली, तिचं चित्र आगपेट्यांवर आलं, आणि ज्या कारखान्यात ती बोटं टोचून घेत होती तिथल्या मुकादमानं तिची सही मागितली.

लोक म्हणत, काय अभिनय करते. तिला माहीत होतं, आपण काहीच करत नाही. आपण ऐकतो. मास्तरांचा आवाज मोठा नव्हता. पडसं झालेल्या माणसासारखा थोडा बसका. पण सुतारांची ठोकाठोक, व्हायोलिन, कॅमेऱ्याची घरघर, सगळ्यातून वाट काढून तो तिच्याकडे येई.

“थांब. अजून वळू नकोस. मागं पावलं वाजतायत, ऐकतेयस ना? त्याचीच आहेत असं वाटतंय तुला. आता वळ. नाही, तो नाही. दुसराच कुणी आहे. हसू नकोस गं, तुझ्या पोटात खड्डा पडलाय. हां. आता त्या माणसाला वाट करून दे. बघ त्याच्याकडे, त्याची काय चूक आहे.”

आणि शॉट संपला की तोच माणूस चार पावलं मागं सरकून म्हणे, “छान झालं. बसा तुम्ही, थकला असाल.”

कॅमेरा चालू असेपर्यंत ‘तू’, बंद झाला की ‘तुम्ही’. यात कधी बदल झाला नाही. बाकी सगळ्यांशी ते कायमच अहो-जाहो करत. अगदी चहा आणणाऱ्यालाही. तेव्हा हे ‘तू’ फक्त तिच्या वाट्याचं होतं, आणि तेही कॅमेऱ्याचा दांडा फिरत असे तेवढ्यापुरतं. दोन शॉटच्या मध्ये पंख्यासमोर बसून ती पुढच्या शॉटची वाट बघायची. नट्या कामाला कंटाळतात. हिला सुट्टी नकोशी व्हायची.

एकदा गच्चीवर काम चाललं होतं. उजेड उतरणीला लागलेला, वारा सुटलेला, आणि तिला कठड्याशी उभं राहून दूर जाणाऱ्या गाडीकडे बघायचं होतं. मास्तर बोलत होते. गाडी वळणावर गेली, दिसेनाशी झाली, आता तू मागं वळशील, खोलीत जाशील, त्याची खुर्ची तिथंच असेल, तिला हात लावू नकोस, नुसती उभी राहा. ती उभी राहिली. मास्तर बोलत राहिले. केव्हातरी कॅमेरावाला खाकरला. हाताची घडी घालून तो दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “रीळ मघाशीच संपलं.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. “तुम्ही बसा,” एवढं म्हणून ते जिन्यानं खाली गेले, ते दिव्याचं बघायला. गच्चीवर दिवाच नव्हता.

त्यावर कुणीच कधी काही बोललं नाही. तिला वाटलं, आता काहीतरी होईल. पण त्याच वर्षी बोलपट आला.

मालकानं नवी यंत्रं मागवली. भिंतींना गाद्या ठोकल्या, सुतारांना हाकललं, व्हायोलिनवाल्याला घरी पाठवलं. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून तो एका लाकडी कपाटात कोंडला. फुलदाणीत मायक्रोफोन लपवला. मास्तरांना एका खुर्चीवर बसवून सांगितलं, की शॉट सुरू झाला की जागचं हलायचं नाही, चकार शब्द काढायचा नाही.

तिचा आवाज वाईट असेल अशी सगळ्यांना धास्ती होती. तो चांगला निघाला. ध्वनियंत्रावरचा माणूस कानावरचं काढून म्हणाला, “आवाजाला नाव ठेवायला जागा नाही.” मग त्यांनी तो तुकडा पडद्यावर लावून पाहिला.

“आवाज ठीक आहे,” शेवटी मालक म्हणाला. “पण हिच्या चेहऱ्याला काय झालंय?”

चेहऱ्याला काही झालं नव्हतं. तो वाट बघत होता. पाठ केलेली वाक्यं तोंडातून बाहेर पडत होती आणि कान त्या खुर्चीकडे लागलेले होते. खुर्चीतून काही येत नव्हतं.

मास्तरांनी सगळं करून पाहिलं. शॉटच्या आधी समजावून सांगितलं, दोरी ओढून करायच्या खुणा ठरवल्या, हातवारे केले. काही लागू पडेना. मग एका दुपारी ध्वनियंत्रावरच्या माणसानं हात वर करून शॉट थांबवला. म्हणाला, कुणीतरी कुजबुजतंय. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

महिनाअखेर त्यांना निरोप मिळाला. जायच्या दिवशी ते फाटकाशी तिची वाट बघत थांबले होते, हातात एक वळकटी आणि रंगांची पेटी.

“शाळेत परत जातोय,” ते म्हणाले आणि गावाचं नाव सांगितलं. “बरं गाव आहे. एक थिएटरही आहे तिथं. तुम्ही मात्र इथंच थांबा. आवाज चांगला आहे तुमचा. सवय होईल.”

 तिला वाटत होतं, ते अजून काहीतरी म्हणतील. चल म्हणतील. एवढा एक शब्द ते म्हणाले असते तर ती पायातल्या चपलांनिशी त्यांच्यामागं गेली असती. पण तिथं कॅमेरा नव्हता. “काळजी घ्या,” ते म्हणाले आणि निघाले.

सवय झाली नाही. पुढच्या सिनेमात ती नायिकेची मैत्रीण होती, त्याच्या पुढच्यात नायिकेची मावशी, आणि मग नायिकेच्या घरात दार उघडणारी बाई. हे इतकं हळूहळू झालं, की रडायला नेमका असा दिवस कुठला सापडलाच नाही. पुढं तर दारही हातचं गेलं आणि ती गर्दीत उभी राहू लागली. टपालकचेरीतली बाई, न्यायालयातली बाई, आग लागल्यावर पळणारी बाई. नवी पोरंपोरी तिला आजी म्हणत. एखादा जुना रंगभूषाकार चेहऱ्याला पावडर लावता लावता कुजबुजे, “पाकोळीबाई, तुमच्यासाठी मी तिकिटाच्या रांगेत मार खाल्लाय हो,” आणि तिचा दिवस बरा जाई.

घरी धाकटी बहीण होती. तिनंही लग्न केलं नाही. टपालकचेरीत खिडकीवर बसून जन्म काढला. ताई संध्याकाळी आली की ती चुलीकडे तोंड ठेवूनच विचारी, “आज कोण झालीस?”

“आज मेले.”

“परत? गेल्या आठवड्यातच तर मेली होतीस.”

“तेव्हा तापानं. आज पूल कोसळला.”

“मग हातपाय धुऊन घे,” धाकटी म्हणे. “मेलेल्या माणसांना भूक फार लागते.”

हसून खेळून दोघींचं चाललं होतं. पण धाकटीला एक गोष्ट कळत होती. कुठंही बाहेर पडल्या, की बसस्थानकावरून जाताना ताईची मान एका बाजूला वळे. मास्तरांच्या गावाची बस कोपऱ्यातल्या फलाटावरून सुटते, हे ताईनं तिला इतक्यांदा सांगितलं होतं, की धाकटी आता नुसतं “हं” करी. तीस वर्षांत ताई त्या बसमध्ये कधी चढली नव्हती. मास्तरांनी लग्न केल्याचं मात्र कुणाकडून तरी तिच्या कानावर आलं होतं.

गर्दीत उभी असताना ती एक करी. शॉट सुरू झाला, सगळीकडे चिडीचूप झालं, की मनातल्या मनात मास्तरांचा आवाज काढी. थांब. अजून वळू नकोस. आता बघ. त्याच्यावर तिनं इतकी वर्षं ढकलली होती.

मग एका सिनेमात तिच्या वाट्याला धक्क्यावरची बाई आली. बोट लागते, माणसं उतरतात, ज्याचं त्याला भेटतं, आणि एका म्हातारीचं माणूस तेवढं उतरत नाही. दिग्दर्शक चष्मेवाला, कोवळा, पण मनापासून काम करणारा होता. त्यानं तिला बाजूला घेऊन समजावलं.

“आजी, कॅमेरा अगदी जवळून फक्त तुमच्यावर आहे. बोलायचं काही नाही. इथं आवाजही घेणार नाही, वरून संगीत टाकणार आहोत.”

ती दचकलीच. “आवाज घेणार नाही? मग शॉट चालू असताना कुणी बोललं तर चालेल?”

“चालेल की. का?”

“मग तुम्ही बोला ना. काय काय होतंय ते मला सांगत राहा. पूर्वी सांगायचे.”

त्याला गंमत वाटली. पण म्हातारीचं मन मोडवेना. कॅमेरा सुरू झाला आणि तो वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखा सांगू लागला. “हां, तर आजी, आता तुम्ही बोटीकडे बघा. बोट आलेली आहे. आता लोक उतरत आहेत. आता तुम्ही थोड्या निराश व्हा.”

तिला हसू फुटलं. सगळेच हसले, तोही हसला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तुम्ही आपले गप्पच बसा. माझं मी बघते.”

पुन्हा कॅमेरा सुरू झाला. तिनं नेहमीसारखा तो आवाज मनात आणायला घेतला. थांब, अजून वळू नकोस. शब्द आले. आवाज आला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. शब्द सगळे तिथं होते, ओळीनं, पण ते तिच्याच आवाजात होते. बसका होता म्हणजे नेमका कसा होता? ‘तू’ कसं म्हणायचे ते? तिला आठवेना. बोटीवरून माणसं उतरत होती आणि ती आतल्या आत एकेक दार उघडून बघत होती, प्रत्येक खोली रिकामी होती. हे कधी झालं, कुठल्या वर्षी तो आवाज निघून गेला, तिला कळलंसुद्धा नव्हतं.

शॉट संपला. मग चष्मेवाला आला आणि त्यानं नुसता तिचा हात हातात घेतला.

तो सिनेमा चालला. लोक धक्क्यावरच्या म्हातारीबद्दल बोलू लागले. धाकटीनं सुट्टी काढून तो पाहिला, घरी आली आणि पर्स न ठेवताच खुर्चीत बसली.

“ताई, काय बघत होतीस तू तिथं?”

“बघत नव्हते गं. ऐकत होते.”

“काय?”

“तेच तर. काही ऐकूच आलं नाही.”

धाकटीनं पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, “त्या गावाची बस सकाळी कितीला असते?”

“आता या वयात कुठं जाऊ? ते ओळखतील तरी का? त्यांची बायको काय म्हणेल?”

“काय म्हणायचं ते म्हणेल. तोंडावर दार लावलं तर परत ये. मेल्याचं सोंग तर तुला येतंच.”

मास्तरांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि पुढं ओटा. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. त्याही शाळेतल्याच, गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गावात मास्तरीणबाई म्हणूनच ओळखल्या जात. हाडापेरानं मोठ्या, चष्मा नाकावर घसरलेला. पाहुणी काही सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “या, आत या. नाव सांगायची गरज नाही. वर्षातून चार-पाच वेळा बघते तुम्हाला.”

पाकोळीला कुठं बघावं ते समजेना. मास्तरीणबाईंनी तिला पाणी दिलं आणि समोर बसल्या.

“बरं झालं आलात. एकदा तुम्हाला सांगायचंच होतं मला, यांना घेऊन सिनेमाला जायची सोय नाही. तुम्ही दिसलात की हे बोलायला लागतात. इकडे बघ, तिकडे वळ, हात खाली घे. तुम्ही तिथं गर्दीत कुठंतरी, इतरांना दिसतसुद्धा नाही. लोक मागून शुक् शुक् करतात. मागं एकदा तर पहारेकऱ्यानं बाहेर काढलं. गावात अब्रू आहे हो आमची, अर्ध्या गावाला शिकवलंय.”

“मला बोलतात?” पाकोळीनं विचारलं.

“मग काय मला? घरात ते सगळ्यांना अहो-जाहो करतात. मांजरालासुद्धा.” त्या हसल्या, पण पाहुणीकडे न बघता, पदरानं चष्म्याची काच पुसत.

एवढ्यात मागच्या दारानं मास्तर आले. वाळलेले, कमरेत वाकलेले, बोटांना निळा रंग. त्यांनी तिला पाहिलं आणि चौकट धरली.

“तुम्ही,” ते म्हणाले.

 तो आवाज नव्हता. चिरका, कापरा, कुठल्याही म्हाताऱ्याचा असावा तसा आवाज. ज्याच्यासाठी ती आली होती तो या घरातही शिल्लक नव्हता. ती उठून उभी राहिली, प्रवासाचं विचारलं त्याला काहीबाही उत्तर दिलं. दोघं एकमेकांसमोर बसले आणि कॅमेरावाल्याचं काय झालं, व्हायोलिनवाला कधी गेला, असं दूरदूरचं बोलत राहिले. प्रत्येक वाक्य संपलं की खोलीत घड्याळ वाजायचं.

शेवटी मास्तरीणबाईच उठल्या. “तुमचा तो बोटीचा सिनेमा लागलाय इथं. दुपारचा खेळ मिळेल. हे अजून थांबलेत, मी एकट्यानं जाऊ देत नाही म्हणून. चला.”

थिएटर अर्धं रिकामं होतं. पाकोळी मनात धरून चालली होती की मास्तरीणबाई मध्ये बसतील. पण त्या कडेच्या खुर्चीपाशी थांबल्या. “मी इथं बसते. गुडघ्यांमुळे मला पाय लांब करावे लागतात.” म्हणून मास्तर मध्ये आले आणि त्यांच्या पलीकडे ती.

सिनेमा सुरू झाला. मास्तर हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे बसले होते. मग धक्का आला. पाणी, बोटीचा भोंगा, माणसं. पडदाभर तिचा चेहरा उगवला. इतका मोठा तो तिनं तीस वर्षांत पाहिला नव्हता.

आणि तिच्या कानापाशी कुणीतरी कुजबुजलं.

“थांब. अजून बघू नकोस. बोट लागू दे.”

माणसाचा आवाज म्हातारा होतो. कुजबुज होत नाही. तीच होती ती, पडसं झाल्यासारखी, बसकी, सगळ्या गोंगाटातून वाट काढत येणारी. तिनं डोळे मिटून घेतले. पडद्यावर काय आहे ते तिला बघायचंच नव्हतं.

“उतरतायत. घाई करू नकोस, खूप माणसं आहेत अजून. तो उंच आहे, तो नाही. त्याच्या मागचा? नाही. तुला कळलंय, पण तू स्वतःला सांगत नाहीयेस. आता खाली बघ.” मग कुजबुज अडखळली. “नाही बघत? बरं. नको बघूस. तशीच राहा तू. तशीच राहा.”

पुढच्या रांगेतला माणूस वळला. “आजोबा, जरा गप्प बसता का?”

“तुम्ही पुढं बघा,” मास्तरीणबाई कडेच्या खुर्चीवरून म्हणाल्या. वर्गातल्या आवाजात. माणूस मुकाट्यानं वळला.

धक्का संपला, दुसरं काहीतरी सुरू झालं. मास्तर गप्प झाले. ती खेळ संपेपर्यंत डोळे मिटून बसून होती.

बसस्थानकावर मास्तरीणबाई तिकीट काढायला गेल्या तेव्हा दोघं बाकावर बसले.

“खाली का नाही बघितलंत?” मास्तरांनी त्यांच्या चिरक्या आवाजात विचारलं. “धक्क्यावर. तिथं खाली बघायला हवं होतं.”

“सांगायला कुणी नव्हतं.”

त्यांनी विचार केला. “बरोबर होतं ते,” ते म्हणाले. “तुमचंच बरोबर होतं.” मग निळी बोटं एकमेकांवर घासत राहिले. तिला बरंच काही बोलायचं होतं, त्यांनाही असावं. पण मास्तरीणबाई तिकीट घेऊन आल्या, आणि खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून तिला सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढवून मोकळ्या झाल्या.

त्यानंतर तिला कामं जरा बरी मिळू लागली. एखादं वाक्य, कधी जवळून एखादा चेहरा. तिचा सिनेमा त्या गावात लागला की मास्तरीणबाई टपालकचेरीत धाकटीला फोन करून कळवत, आणि ती सकाळच्या बसनं जाई. बसायची जागा तीच असे. गुडघ्यांचं कारणही तेच.

एका सिनेमात तिनं शेजारणीचं काम केलं होतं, छोटंसंच, पण दोन वाक्यांचं. तिघं जाऊन बसली. पहिला भाग गेला, मध्यंतर झालं, दुसरा भाग सुरू झाला. शेजारीण काही येईना. मास्तर खुर्चीच्या कडेशी सरकून, मान पुढं काढून बघत होते, ओठ तयारीत. ती त्यांच्या अंगाला अंग लागणार नाही अशी बेतानं बसून, श्वास रोखून वाट बघत होती. नायकाचं लग्न झालं, पडद्यावर ‘समाप्त’ आलं. तिचं काम कापून टाकलं होतं. दिवे लागले, लोक उठले.

दोघं उठले नाहीत. मास्तरीणबाई कडेला उभ्या राहिल्या, त्यांनी चष्मा पुसला, आणि पुन्हा बसल्या. झाडूवाला पहिल्या रांगेपासून खुर्च्या उचलत वर येऊ लागला.

“पुढच्या सिनेमात काय आहे तुमचं?” मास्तरांनी विचारलं.

“आगगाडीच्या डब्यात आहे,” ती म्हणाली. “खिडकीशी बसलेय.”

“बाहेर बघताय की आत?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

मास्तरांनी मान हलवली आणि रिकाम्या पडद्याकडे बघत विचार करत बसले.